सलामाचं उत्तर

आखातातल्या करामा वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीत निनादचं आणि नूरजहाँखालांचं दार समोरासमोर होतं. खाला त्याला आठवड्यातून दोनदा डबा देत, आणि त्या मायेपोटी निनादने त्यांचं एक काम केलं होतं. त्यांची लेक मरियम मारकुट्या नवऱ्यापासून पळून लपली होती. कुठे, ते आईलाही माहीत नव्हतं. निनाद नेटवर्कमधला माणूस, त्याने मायलेकींना बोलायची वाट करून दिली. प्रत्येक निरोप तीन अनोळखी माणसांच्या संगणकांवरून फिरत जाई, म्हणजे कोण कुठून बोलतंय याचा कुणाला थांग लागू नये.

पण खालांची रीत अशी, की आधी सलाम, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचा शब्द नाही. त्या वळशामुळे उत्तराला तीन मिनिटं लागत.

"बाळा, लेकीच्या सलामासाठी एवढं ताटकळायचं? यल्ला, काहीतरी कर ना," त्या रोज म्हणत.

त्यांचे भरलेले डोळे निनादला बघवेनात. एका शुक्रवारी त्याने तीन संगणकांचा एकच केला. धोका त्याला पक्का ठाऊक होता. खालांना त्याने सांगितलं, "नवीन मशीन बसवलंय."

अकराव्या दिवशी नवऱ्याने मरियमचं दार गाठलं. ती वाचली नाही.

मरियमचा चाळिसावा दिवस झाल्यावर एका दुपारी निनाद सगळं कबूल करायला गेला. जाण्याआधी त्याने वेड्यासारखे तिन्ही संगणक परत जोडले होते. आता वाचवायला कुणी उरलं नव्हतं, तरीही.

"ते मशीन बंद करायला आलास ना? एकदा सलाम करू दे," खाला म्हणाल्या. त्याला नाही म्हणवेना.

तीन मिनिटांनी उत्तर आलं. व अलैकुम सलाम, अम्मी.

एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. निनादने उठून कपाट उघडलं. पोलिसांनी परत दिलेला मरियमचा फुटका फोन तिच्या ओढणीत गुंडाळलेला होता, तसाच, थंड.

खालांनी पुन्हा सलाम लिहिला. दीड मिनिट लागलं.

पुन्हा लिहिला. वीस सेकंद.

"जवळ आली रे," खाला म्हणाल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, त्या पुसत नव्हत्या.

निनादने पडद्यावर पाहिलं. तीन संगणक. तिन्ही चालू.

पुढचं उत्तर सलाम लिहिण्याआधीच आलं. खालांनी ते सावकाश, मोठ्याने वाचलं.

"निनादभाई, रस्ता परत छोटा केलात?"

खालांनी मान वर केली.

"परत म्हणजे?"