बाभळीच्या बंदुका

कल्याण पेढे घेऊन आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर आला, तेव्हा मी कुकर लावत होते. सोफ्यावर ऐसपैस बसून तो माझ्या वडिलांना म्हणाला, "काय भाऊसाहेब, वळखलं का?" आबा पंचाहत्तरीचे, हा चाळिशीचा. याचा बाप त्यांना भाऊसाहेब म्हणायचा, म्हणून हाही तेच म्हणणार. पुढे 'काका' लावायचं याच्या जिवावर येतं. नावातच साहेब आहे म्हणून बरं, नाहीतर काय हाक मारली असती कोण जाणे. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. राग गिळायचं शास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. तरी चहा टाकला.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या पुढे आत वळलं की लागतं. उघडेबोडके डोंगर, मुरमाड माळ आणि मधोमध एक दगडी विहीर. बहात्तरच्या दुष्काळानंतर तिथे मुंबईचे सिनेमावाले आले. अमेरिकेतल्या घोडेस्वारांच्या सिनेमांवरून उचललेला एक सिनेमा त्यांनी तिथे काढला. लोक त्याला आज क्लासिक म्हणतात. मी त्याचं नाव घेणार नाही.

हिरो आणि खलनायकाच्या बंदुका खऱ्या होत्या, त्या मुंबईहून आल्या आणि मुंबईला परत गेल्या. टोळीतल्या बाकीच्या दरोडेखोरांसाठी गावच्या सुताराकडून बाभळीच्या बंदुका करून घेतल्या. भरीव लाकूड, वर काळा रंग, टोकाला भोकाच्या जागी नुसता काळा ठिपका. घोडी कल्याणच्या घरची, म्हणून घोड्यावर त्यांच्या घरचे आणि भावकीतले. गोळ्या खाऊन मरणारे गावकरी मात्र आमच्या बौद्ध वस्तीतले. हे कुणी ठरवलं असं कुणी कधी विचारलं नाही. खडी फोडण्यापेक्षा मरण्याची मजुरी जास्त होती, म्हणून वस्ती खुशीनं मरायला गेली. आबांचा तर पडण्यात हातखंडा. विहिरीच्या काठावर ते असे पडले की युनिटनं टाळ्या वाजवल्या म्हणे.

"पन्नास वर्षं झाली," कल्याण म्हणाला. "रिसॉर्ट काढलंय मी तिथंच. टोप्या, घोडी, समदं. खंडेनवमीला मोठा कार्यक्रम हाय. भाऊसाहेबांचा सत्कार करायचा. आन् त्यांनी एकदा पडून दाखवायचं, विहिरीपाशी. ड्रोन लावतोय."

"पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं दगडावर पडायचं?" मी विचारलं.

"मॅडम, गादी टाकू की खाली."

मी त्याला दार दाखवलं. पेढेही हातात दिले. आबा त्याला सोडायला लिफ्टपर्यंत गेले, आणि तेच मला खटकलं.

जेवताना मी त्यांना छेडलं, तेव्हा ते म्हणाले, "भारती, साळूबाई गेली तव्हा तू हुतीस ना तिथं? आवाज ऐकला हुता ना?"

ऐकला होता. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. साळूबाई वस्तीतली, आबांच्या वयाची; तिच्या नातीचा साखरपुडा होता, मी आबांना घेऊन गावी गेले होते. सकाळचं ऊन, मांडवात खुर्च्या लावणं चाललेलं. साळूबाई नळावर हंडा भरत होती. अचानक 'ठो' असा आवाज झाला आणि त्यामागे एक बारीक, लांबत जाणारी शीळ. हंडा कलंडला आणि साळूबाई नळाच्या ओट्यावर आडवी. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. आवाजाचं कुणी म्हणालं डीपी उडाला. मी स्वतः जाऊन डीपी पाहिला. फ्यूज जागेवर, लाइट चालू. मग खाणीतला सुरुंग असेल म्हणून सोडून दिलं.

पण एक गोष्ट मी तेव्हा कुणाला बोलले नव्हते. आमच्या गावाला तीन बाजूंनी डोंगर आहे. तिथे कुत्रं भुंकलं तरी पडसाद येतो. त्या आवाजाला पडसाद नव्हता. बंद खोलीत, जाड पडद्यांच्या आत काढल्यासारखा तो आवाज कोरडा होता, जागच्या जागी संपलेला.

"शूटिंगला आवाज नव्हता गं," आबा म्हणाले. "येक मानूस भोंग्यातनं 'ठो' म्हनायचा, आन् आमी पडायचो. खरा आवाज मागनं मुंबईत भरला. आमच्या गोळ्यांचा आवाज आमच्या गावाला कधी आलाच न्हाई. आता यतोय. आदी छगन, माझ्यासंगं पडनारा, तिकडं राहात्याला. उसात हुता. लोक म्हनले टायर फुटला. मग साळू. पडद्यावर बी छगन आदी पडतो, मग हंडा घिऊन साळू. तिच्या मागं मी."

मी चिडले. सत्तरी ओलांडलेली माणसं मरतात, त्याला बंदूक कशाला लागते? "आबा, तुम्हाला बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत," मी म्हणाले. "तुमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आणि तुम्ही आता हे भुताखेतांचं धरून बसलात?"

"देवाचं न्हाई ह्ये, भुताचं बी न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "आवाजाचं हाय."

मग हळूहळू बाहेर पडलं. कल्याणशी त्यांचं फोनवर आधीच ठरलं होतं. सिनेमावाले लाकडी बंदुका टाकून गेले, त्या कल्याणच्या घरात राहिल्या. खंडेनवमीला घरोघर कोयते, फाळ, विळे पाटावर मांडून पुजतात. कल्याणच्या बापानं मोठेपणा म्हणून त्यांच्या शेजारी या बंदुकाही मांडल्या. कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. तेव्हापासून दर वर्षी. "खेळनं हुतं ते," आबा म्हणाले, "त्येंनी शस्तर म्हनून पुजलं. पन्नास वर्षं सांगितलं त्या लाकडाला, तू शस्तर हायेस म्हनून." सिनेमात आबांवर रोखलेली बंदूक त्यांच्या ओळखीची होती, दस्त्याला खाच असलेली. ती मिळाली की जाळून टाकायची, एवढंच त्यांना हवं होतं. कल्याण म्हणाला होता, एकदा पडा आणि घेऊन जा.

म्हणजे माझा बाप स्वतःचं मरण परत मागायला जाणार, आणि त्यासाठी आधी त्यांच्यापुढे मरून दाखवणार. मला इतका संताप आला की ताट तसंच ठेवून मी उठले. पण आबा एसटीनं एकटे जायला निघाले असते. शेवटी गाडी मीच काढली.

रिसॉर्ट म्हणजे पत्र्याच्या शेडला फळ्या ठोकून केलेली नकली वस्ती. दारात गवताच्या गंजीवर बसून पुण्याची मंडळी फोटो काढत होती. पोरं प्लॅस्टिकच्या टोप्या घालून घोड्यावर बसत होती. विहिरीला नवा चुना लावला होता. तिच्याकडे बघताना आबांचा हात माझ्या मनगटावर आला.

शेडमध्ये पूजा मांडली होती. पाटावर कोयते, एक फाळ, ट्रॅक्टरचे पाने, आणि मधोमध त्या बंदुका. एवढ्याशा वस्तू. काळा रंग पोपडे धरून उडालेला, दस्त्यांवर कुंकवाचे थर. मी वाकून पाहिलं. उदबत्तीच्या वासाखाली आणखी एक वास होता, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात असतो तसा. इथे तर उदबत्त्या चालू आहेत, मी स्वतःला बजावलं.

आबा कल्याणला म्हणाले, "ती खाचेची तेवढी द्या. म्या काय ते करतो."

"आदी शॉट, भाऊसाहेब. मग न्या की घरी."

त्यानं पाटाकडे हात नेला, तशी त्याची बायको पुष्पावती पुढे झाली. "अहो, पुजलेलं आज उचलू न्हाई. उद्या शिलंगनाला उचला."

"ड्रोनवाला उद्या तू आननार का?"

"मामंजींनी कधी उचललं न्हाई नवमीला."

"खेळनं हाय ते, पुष्पा," कल्याण हसून म्हणाला आणि त्यानं खाचेची बंदूक उचलली. झेंडूचं फूल खाली पडलं. पुष्पावतीनं ते उचलून पुन्हा पाटावर ठेवलं आणि ती मागे सरून उभी राहिली. चेहरा उतरला होता.

विहिरीपाशी गादी टाकली. आबांच्या डोक्याला मुंडासं बांधलं, अंगावर मळका सदरा चढवला. पन्नास वर्षं उलटली, आबा मास्तर म्हणून निवृत्त झाले, लेक प्राध्यापक झाली, तरी यांच्या गोष्टीत माझ्या बापाचं काम तेच. मरणं. लोक मोबाईल वर करून उभे राहिले. डोक्यावर ड्रोन घोंगावू लागला.

कल्याणनं बंदूक खांद्याला लावली.

मी आबांकडे पाहिलं. ते अभिनय करत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते आणि दोन्ही हात छातीवर घट्ट धरले होते.

माझं डोकं फिरलं. मी धावत गेले आणि कल्याणच्या हातातून बंदूक ओढून घेतली.

"बघा!" मी ओरडले. "लाकूड आहे हे! भरीव लाकूड! बोट घाला इथं, जातंय का?" मी खरंच बोट दाबलं. बोट कुठे जाणार? काळा ठिपका तेवढा होता.

ठिपका गरम होता. उन्हानं.

"मॅडम, पब्लिक हाय समोर," कल्याण दातओठ खात म्हणाला. "तमाशा करू नका. तुमच्या लोकांना काय मान देऊन बोलवायची सोयच न्हाई."

तुमच्या लोकांना.

मी बंदूक त्याच्या छातीवर रोखली. "असं करायचं ना? असं?" आणि तोंडानं म्हणाले, "ठो!"

काहीच झालं नाही. कल्याण दचकला, मग स्वतःच खो खो हसला आणि लोकांसाठी छातीवर हात धरून खोटं खोटं भेलकांडला. टाळ्या पडल्या. ड्रोनवाल्यानं अंगठा दाखवला.

आबा हसले नाहीत. डोळे उघडून ते माझ्याकडे बघत होते. लहानपणी मी रस्त्यात धावत गेले की बघायचे, तसे.

बंदूक काखोटीला मारून मी त्यांना तिथून काढलं. फाटकाशी पुष्पावतीनं तेवढा माझा नंबर मागून मिस्ड कॉल दिला, बाकी कुणी अडवलं नाही. कल्याणला शॉट मिळाला होता. वस्तीत साळूबाईची लेक गोजरबाई राहते. तिच्या चुलीत ती बंदूक घातली. वाळलेली बाभूळ जळते तशी जळली, तडतड नाही, फट् असा आवाजही नाही. गोजरबाईनं तिच्यावरच चहा केला.

"झालं," मी म्हणाले. "सुटलात तुम्ही."

"लाकूड जळालं," आबा म्हणाले. कपातला चहा तसाच होता. "आवाज कुठं जळतोय? आन् तू कशाला चालवलीस गं? आपल्या वस्तीतल्या कुनी कधी धरली नव्हती ती."

परतीच्या वाटेवर मी गाडी दामटली. मला पश्चात्ताप होत नव्हता, उगाच खोटं कशाला लिहू? तो माणूस जे बोलला त्याला दोन कानशिलात द्यायला हव्या होत्या. लाकडाचा एक तुकडा रोखून तोंडानं आवाज काढला, त्याचं काय एवढं?

दिवाळी झाली. फटाकेही थंडावले. आबा दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचायचे. मी कॉलेजातून आले की पहिली नजर तिकडे टाकायचे. ते दिसले की चप्पल काढायचे. रात्री उठून त्यांच्या श्वासाची चाहूल घ्यायचे. भौतिकशास्त्र शिकवते मी, आणि एखादं दार आपटलं तरी आबांना बघायला धावत होते. त्याचाही राग येत होता.

तो रविवार होता. मी हॉलमध्ये साड्यांना इस्त्री करत होते. खाली भाजीवाला ओरडत होता.

ठो.

आणि त्यामागे ती शीळ, लांबत, बारीक होत गेलेली.

आमच्या समोर उंच इमारत आहे. खाली कुणी डिकी आपटली तरी तिच्या भिंतीवरून आवाज परत येतो. हा परत आला नाही. गॅलरीच्या कठड्यावर कबुतरं बसली होती, ती उडाली नाहीत. भाजीवाल्याची हाक मध्येच थांबलीसुद्धा नाही.

इस्त्री साडीवर तशीच टाकून मी गॅलरीत धावले.

खुर्चीत आबा ताठ बसले होते. पेपर मांडीवर. मान बाजूला वळलेली.

"आबा!"

त्यांनी मान हलवली. दोन्ही तळहात छातीवरून, पोटावरून फिरवून पाहिले, पावसात भिजलोय का ते पाहावं तसे. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "माझा न्हाई."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडायला लागले. जिवंत होते. माझा बाप जिवंत होता, त्यापुढे मला जगाशी काही देणंघेणं नव्हतं. आतून साडी करपल्याचा वास आला तरी उठवेना.

मग हॉलमध्ये माझा मोबाईल वाजू लागला. आबाच उठले, आधी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मोबाईल माझ्यासमोर आणून धरला. स्क्रीनवर पुष्पावतीचं नाव होतं.

मी हात मागे घेतला. फोन वाजत राहिला.

"उचल, बाय," आबा म्हणाले. "त्यो 'ठो' कुनाच्या तोंडचा हुता, त्ये तिला कुनी सांगितलं नसंल."