पाला कुणी जाळला?

नवापूरच्या एस.टी.त एकच जागा उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदम पडले... एक शाळेत नवीन लागलेल्या हन्नाबाईंचा, दुसरा धुळ्याहून सुट्टीवर आलेल्या फुलसिंगचा.

"बसा बाई. मी उभा राहतो."

"उपकार नकोत. अर्धी अर्धी घेऊ."

गाडी हलली, खांद्याला खांदा लागला. दोघंही घाईनं दोन बाजूंना पाहू लागली. मोहाचा गोड वास गाडीत शिरला.

"कसला कागद आहे?" तिच्या हातातल्या कागदाकडे पाहत त्यानं विचारलं.

"उद्या गाव न्यायपंचायतीचा पंच निवडणार. मी गावातल्या पारुबाईंचं नाव सुचवणार आहे."

फुलसिंग हसला. "आमचे बाबा उभे आहेत की! दोधूबाबा. चाळीस वर्षं तंटे मिटवतात."

"पण पंचात बाई कधी बसली आहे?"

"बाई असो, बाप्या असो... ज्यानं जग पाहिलंय त्यानं न्याय करावा."

"आणि जगातलं जे त्यानं पाहिलंच नाही, त्याचं काय?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. तिचे डोळे मात्र हसत होते.

"भांडा, पन तिकीट काढी ल्या!" कंडक्टर ओरडला.

"भांडत नाही!" दोघं एकदम म्हणाली.

"मंग तं आनखी कठीण शे!"

दुसऱ्या दिवशी गाव चावडीपुढे जमलं. हन्ना पारुबाईंच्या शेजारी उभी राहिली. पारुबाई हरल्या, तर पुन्हा कुठली बाई उभी राहणार होती?

इतक्यात फुलीबाई आणि तिची जाऊ भांडतच आल्या. बांधावरच्या मोहाची फुलं कुणाची? सरपंच म्हणाले, "दोन्ही उमेदवार इथंच आहेत. मिटवा!"

दोधूबाबांनी विचारलं, "झाड कुणाच्या शेतात?"

झाड नेमकं दोघींच्या शेतांमधल्या बांधावर होतं.

"मग अर्धी अर्धी वाटून घ्या."

फुलीबाई रडायलाच लागली.

पारुबाईंनी एवढंच विचारलं, "खालचा पाला कुणी जाळला?"

तुम्ही मोह वेचलाय कधी? फुलं गळण्याआधी झाडाखालचा पाला झाडून जाळावा लागतो, नाहीतर फूल सापडत नाही. डोळ्यांत धूर, कमरेत कळ... आणि हे सारं बायकांच्या वाट्याला.

जावेनं मान खाली घातली. "तिनंच जाळला..."

"मग फुलं तिची. आणि तू एकदा तिच्या मदतीला जा, म्हणजे तुलाही वाटा मिळेल."

"हात वर करा!" सरपंच म्हणाले. "पारुबाईंसाठी?"

 आधी एकच हात वर गेला... फुलसिंगचा! दोधूबाबांनी मुलाकडे डोळे वटारले, मग स्वतःच खो खो हसले. "अरे, मी कधी पाला जाळलाय का?" मग हातच हात!

पांगणाऱ्या गर्दीत फुलसिंगनं हन्नाला गाठलं.

"शेवटी अनुभवच जिंकला, बाई!"

"हो? आणि तो अनुभव कुठल्या बाप्याकडे होता?"

"...हरलो." त्याचे कान लाल झाले. "आणखी एक तंटा आहे. एका मुलीच्या शेजारी बसल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. पारुबाईंकडे नेऊ?"

हन्नानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं... सोडलं...

"पंचांपुढे कशाला, फुलसिंग?" ती हळूच म्हणाली. "हा आपण आपसातच मिटवू."