नुकताच झालेला वाढदिवस

दार उघडलं त्या क्षणी कोरीन शिंकत होती, त्यामुळे तिला तो आधी ऐकू आला आणि मग दिसला.

“अहो, आधी छपराखाली तरी या!”

ती दोन पायऱ्या चढून व्हरांड्यात आली. मार्चचा पाऊस होता, अर्धा पाणी अर्धा बर्फ. तिच्या हातातल्या लिहायच्या फळीवरच्या कागदांना प्लॅस्टिकचं आवरण होतं. तिला स्वतःला नव्हतं. समोर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक उंच मुलगा उभा होता. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, पायात नुसते मोजे, हातात लिंबू सरबताच्या रंगाचा टॉवेल. तो त्यानं तिच्यापुढे धरला.

“मी कोरीन वास्को. राज्य विद्यापीठातर्फे पाहणी करतेय,” तिनं केस पुसत पुसत पाठ केलेलं सुरू केलं. “वीस मिनिटं लागतील. कामाच्या ठिकाणी युनियनच्या निवडणुका कोणत्या नियमांनी व्हाव्यात, याबद्दल लोकांना काय वाटतं—”

“मला बरंच वाटतं.”

“—पण उत्तरं कुणी द्यायची ते आधी ठरवावं लागेल. या घरात अठरा वर्षांवरची किती माणसं राहतात?”

“दोन. मी आणि माझी आत्या.”

“त्यांपैकी सर्वांत अलीकडे कुणाचा वाढदिवस होऊन गेला?”

तो बघतच राहिला. सगळेच बघत. पण नियमाला कारण होतं, आणि कोरीनला ते मनापासून आवडायचं. दार उघडणाऱ्यालाच प्रश्न विचारत गेलं, तर गावातल्या फक्त दार उघडणाऱ्यांची मतं गोळा होतात. बोलकी माणसं बोलतात, घुमी माणसं स्वयंपाकघरात राहतात. वाढदिवस मात्र कुणाच्या स्वभावाला विचारून येत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखाच तो.

त्यानं मागे वळून पाहिलं. आत काहीतरी तळलं जात होतं. “कोण आहे रे?” असा बाईचा आवाज आला.

“कुणी नाही, आत्या!” तो ओरडला. मग कोरीनकडे वळून म्हणाला, “माझा. मंगळवारीच झाला.”

“उशिरा का होईना, शुभेच्छा.”

त्याचे कान लाल झाले. थंडीमुळे असावेत, असं तिला वाटलं. तिनं लिहिलं : एमेट प्रॅट, फ्रिजच्या दारांची रबरी सीलं बनवणाऱ्या कारखान्यात काम. कारखान्यात युनियन नव्हती. मे महिन्यात त्यावरच मतदान होणार होतं.

दोघं व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तिनं पहिला प्रश्न वाचला.

“काही लोक म्हणतात की निम्म्याहून अधिक कामगारांनी ‘युनियन हवी’ अशा कार्डावर सही केली की युनियन मान्य व्हावी. इतर लोक म्हणतात की गुप्त मतदान घेतल्याशिवाय ती मान्य होऊ नये. तुमचं मत यांपैकी कशाच्या जवळचं आहे?”

“तुमचं?”

“मला मत सांगता येत नाही.”

“म्हणजे नाहीच?”

“आहे. पण सांगायचं नसतं. मी फक्त प्रश्न पुन्हा वाचू शकते.”

“वाचा मग.”

तिनं वाचला. त्याच शब्दांत, त्याच सुरात, जसं शिकवलं होतं तसं. तो हनुवटी तळव्यावर टेकवून असा ऐकत होता, जणू रेडिओवर आवडतं गाणं लागलंय.

“हे बघा,” तो म्हणाला, “कार्ड घेऊन येणारा माझा मित्र असतो. पेन पुढे करून तो समोर उभा राहतो. त्याला नाही कसं म्हणणार? आणि मतदान ठेवलं, तर ते होईपर्यंत सहा आठवडे फोरमन माझ्याकडे असा बघणार, जसं काही मी त्याच्या गाडीचं चाक पळवलंय. पडद्याआडचं एक मिनिट गुप्त. बाकीच्या सहा आठवड्यांचं काय?”

कोरीनचं पेन थांबलं. “मग... ‘सांगता येत नाही’ लिहू?”

“सांगता येत नाही कसं? आत्ताच सांगितलं की! तुमच्याकडे चौकट नाही, त्याला मी काय करू?”

त्रेसष्ट घरं झाली होती. चौकटच नाही अशी तक्रार आजवर कुणी केली नव्हती. तिनं त्याचं उत्तर समासात बारीक अक्षरात उतरवलं, आणि कागद संपला तशी तिरपं लिहीत गेली. वीस मिनिटांचे पन्नास झाले.

निघताना तिनं सांगितलं, “तीन-चार आठवड्यांनी मी परत येईन. तेच प्रश्न, त्याच शब्दांत. मतं बदलतात का ते पाहायला.”

“मला बदलायचं असलं तर... मध्येच कळवता येईल का?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला. टॉवेल तिच्याच खांद्यावर राहिला होता. तो दोघांनाही आठवला नाही, की एकालाच आठवला नाही, हे कोरीन गाडीत बराच वेळ ठरवत होती.

*

टॉवेल परत करायला ती शुक्रवारी चर्चच्या तळघरात गेली. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या आठवड्यांत दर शुक्रवारी सगळं गाव तिथंच मासे खायला जमायचं; आणि तिथं डोक्यावर कागदी टोपी घालून कोबीची कोशिंबीर वाढणारा नेमका एमेट होता.

“माझा कागद पिवळा का होता?” त्यानं वाढता वाढता विचारलं. “शेजारच्या घरी तुम्ही निळा नेला होता. खिडकीतून पाहिलं मी.”

“हेरगिरी करता?”

“नाही, आमच्या खिडकीला पडदा नाही.”

ते सांगायला हरकत नव्हती. तिचा पदवीचा प्रबंध त्यावरच होता. निळ्या कागदावर गुप्त मतदानाचं वाक्य आधी यायचं, पिवळ्यावर कार्डांचं. अर्थ तोच, फक्त क्रम वेगळा. तरीही निळ्यावाले एक सांगत आणि पिवळ्यावाले दुसरं.

“म्हणजे लोकांना मतच नसतं?”

“असतं. पण ते दारातच उभं असतं. कोण हाक मारतं त्यावर कुठल्या बाजूला जायचं ते ठरतं.” एवढं बोलून तिलाच आश्चर्य वाटलं. हे वाक्य प्रबंधात नव्हतं.

नंतर त्यानं तिला चर्चच्या फ्रिजपाशी नेलं. कागदी रुमाल दारात अडकवून दार लावलं. “ओढा.”

तिनं ओढला. येईना.

“सील चांगलं आहे,” तो अभिमानानं म्हणाला. “रुमाल सहज निघाला तर समजायचं, थंडावा गळतोय. माझं कामच ते. पकड हवी, पण दार उघडताना... जोर करावा लागू नये.” हे म्हणताना तो दाराकडे बघत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी ती आली तेव्हा हातात टॉवेल नव्हता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कारणही नव्हतं.

प्रश्नावलीच्या नियमांत सातवा नियम असा होता : ओळखीच्या व्यक्तीची मुलाखत घेऊ नये. कोरीननं स्वतःला बजावलं की तिची एमेटशी ओळख नाही. कोशिंबिरीतले बेदाणे तो वेचून बाजूला ठेवतो हे तिला माहीत होतं. विचार करताना तो डावा कान ओढतो हेही. हसू दाबायचं असलं की तो छताकडे बघतो. पण ही निरीक्षणं होती. निरीक्षण म्हणजे ओळख नव्हे... असं ती गाडी चालवताना आरशात बघून म्हणायची, आणि आरशातली मुलगी काही पटल्यासारखी दिसायची नाही.

*

दुसऱ्या फेरीला ती ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास पोचली. एमेटची पाळी सुटायची होती. दार ओपल आत्यानं उघडलं.

“तीच ना तू? पिवळ्या कागदाची? ये, कॉफी घे. तो शर्टाला इस्त्री करून गेलाय आज. कारखान्यात जाताना!”

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कॅलेंडर होतं. कोरीनची नजर सवयीनं त्यावर गेली. आकडे दिसले की ती वाचल्याशिवाय राहायची नाही. पान अजून मार्चचंच होतं. तीन तारखेच्या चौकटीत लिहिलं होतं : मी, ६८. बाकीच्या मंगळवारांच्या चौकटी रिकाम्या.

तीन तारखेलाच मंगळवार होता.

“मिस प्रॅट,” तिनं हळूच विचारलं, “एमेटचा वाढदिवस कधी असतो?”

“ऑक्टोबरात. एकोणीस. का गं?”

कॉफीचा कप हातात तसाच राहिला. त्या दिवशी झोपाळ्यावर ओपल आत्या बसायला हवी होती. कागदाच्या तळाशी कोरीनची सही होती : व्यक्तीची निवड नियमानुसार केली आहे. नियमानुसार झाली नव्हती. हे सांगितलं, तर प्राध्यापक या गल्लीतली तिची सगळी अकरा घरं पुन्हा करायला लावतील. मेमधली पदवी हुकेल. कोलंबस शहरातली नोकरी जूनला सुरू होणार होती. आणि नाही सांगितलं... तर कुणालाच कळणार नव्हतं.

तिनं आत्याला खरं काय ते सांगितलं. आत्या हसत सुटली. मग हसता हसता थांबली आणि खुर्ची ओढून बसली.

“म्हणजे मला विचारायचं होतं तर. एकतीस वर्षं काम केलं मी त्या कारखान्यात. मला कुणी विचारलं नाही कधी.” तिनं कपाची कड अंगठ्यानं पुसली. “आमच्या वेळेलाही मतदान झालं होतं. मी युनियनचा बिल्ला लावून हिंडायचे. सगळ्यांना सांगितलं, मी बाजूनं मत दिलं. दिलं विरुद्ध.”

“का?”

“घाबरले. सुपरवायझर म्हणाला, कारखाना बंद होईल. चार मतांनी हरलो आम्ही. वॉरनला कधीच कळलं नाही. तो पुढारी होता आमचा. पेन घेऊन समोर उभा राहिला असता ना, तर मी कार्डावरच काय, कशावरही सही केली असती.” ती खिडकीबाहेर बघत होती. “हरल्यावर तो डेटनला गेला. ये म्हणाला होता मला. पण त्याच्याकडे बघून खोटं बोलत आयुष्य कसं काढायचं, म्हणून नाही गेले. हे कुणाला सांगू नकोस हं.”

“आम्ही कुणाचं काहीच सांगत नाही,” कोरीन म्हणाली. तिच्या कामातला हा एक नियम तिला त्या क्षणी फार मोठा वाटला.

तेवढ्यात एमेट आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस, चेहऱ्यावर हसू. तिचा चेहरा पाहून ते मावळलं.

“तुमचा वाढदिवस कधी असतो?” तिनं विचारलं.

“मंगळ...” त्यानं डावा कान ओढला. कॅलेंडरकडे पाहिलं. “ऑक्टोबरात.”

“का केलंत असं?”

“तुम्ही दारात उभ्या होतात, नाकावर पाण्याचा थेंब, आणि इतक्या गंभीरपणे वाढदिवस विचारत होतात... आत्याचा म्हणालो असतो तर तुम्ही आत गेला असता आणि मी बाहेरच राहिलो असतो. पन्नास मिनिटं तिला मिळाली असती.”

“ती तिचीच होती!” कोरीनचा आवाज चढला. “प्रत्येकाला सारखी संधी मिळावी म्हणून हे सगळं करायचं असतं. तिची संधी तुम्ही घेतलीत.”

“मला वाटलं, एवढ्या लोकांत एका माणसानं काय फरक पडतो?”

शेगडीवरच्या कढईकडे बघत आत्या शांतपणे म्हणाली, “पडतो.”

कोरीननं भिंतीवरचा फोन उचलला आणि प्राध्यापकांना सगळं सांगितलं. बोलणं चार मिनिटं चाललं. अकराच्या अकरा घरं पुन्हा. पदवी ऑगस्टमध्ये. या घरी मात्र दुसरं कुणी येईल.

“दुसऱ्या कुणाला मी खरं सांगणार नाही,” आत्या म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते.”

*

एमेट व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. हलका पाऊस सुरू झाला होता, या वेळी बर्फाशिवाय. इस्त्री केलेल्या शर्टावर थेंबांचे ठिपके पडत होते. तो हलला नाही.

“तुमचं किती नुकसान झालं?” त्यानं विचारलं.

“तीन महिने. आणि कदाचित नोकरी. विचारून बघेन, थांबतात का.”

“माझी माफी मागायची लायकी नाही. तरी मागतो. आणि ती अकरा घरं... छत्री धरून चालेन मागे. तोंड उघडणार नाही.”

ती झोपाळ्यावर बसली. पिवळा कागद उलटा केला. मागे एक तक्ता होता : मुलाखत रद्द करण्याचं कारण. तिनं पहिल्या चौकटीत खूण केली : चुकीच्या व्यक्तीची निवड. पेन तिथंच रेंगाळलं. एवढं पुरेसं होतं. प्राध्यापकांनीही एवढंच ऐकलं होतं. पुढची चौकट भरायची सक्ती तिच्यावर कुणीच केली नव्हती.

तिनं त्यातही खूण केली, खाली सही ठोकली, आणि कागद त्याच्यापुढे धरला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. “‘उत्तर देणारी व्यक्ती मुलाखत घेणाऱ्याच्या ओळखीची आहे.’” त्यानं मान वर केली. “ओळखीची... एवढंच?”

“त्याच्यापुढची चौकट नाही. त्याला मी काय करू?”

तो छताकडे बघू लागला.

“तू आता माझ्या पाहणीत नाहीस,” ती म्हणाली. तोंडातून ‘तू’ गेला आणि तिनं तो परत घेतला नाही. “त्यामुळे मला मत सांगता येतं. मला वाटतं, मत गुप्तच द्यावं. पण सहा आठवडे नकोत, सहा दिवसांत उरकावं. आणि फोरमनला तेवढे दिवस रजेवर पाठवावं.”

“हे समासात लिहायला हवं,” तो म्हणाला. तो उठून झोपाळ्यावर येऊन बसला. मधली एका माणसाची जागा या वेळी कुणी सोडली नाही. “आता मी विचारू एक?”

“विचार.”

“उद्या शुक्रवार नाही. मासे नाहीत. कागद नाही, टॉवेल नाही, काही कारणच नाही. तरी... तू येशील का माझ्याबरोबर, नदीवर फिरायला?”

झोपाळा करकरला. आत कढईत कांदा पडल्याचा आवाज झाला आणि मग सगळं फारच शांत झालं. आत्या ऐकत असावी. कोरीननं फळी मांडीवरून काढून खाली ठेवली. हनुवटी तळव्यावर टेकवली.

“प्रश्न पुन्हा वाच,” ती म्हणाली. “त्याच शब्दांत.”