हरणं मारणारा नंदू मॅक्रे

"माझ्याशी लग्न करशील का?"

कस्तुरीने विचारून टाकलं एकदाचं. तेही शुद्ध मराठीत, एका केशरी केसांच्या अनोळखी मुलाला, स्कॉटलंडमधल्या एका पडक्या किल्ल्यापाशी, सकाळी साडेदहा वाजता.

दोष तिचा नव्हता. तिच्यामागे भिंतीआड तोंडात स्कार्फ कोंबून बसलेल्या ईशानी आणि तनिषाचा होता. ग्लासगोच्या मराठी मंडळाची ऑक्टोबरच्या सुट्टीतली सहल होती. वडीलमंडळी किल्ल्याच्या बुरुजावर टिचकी मारून "आपल्या गडांपुढे ही म्हणजे नुसती चौकी" असं ठरवून मोकळी झाली होती. मुलींना काही उद्योग उरला नव्हता. मग खाली लॉखच्या, म्हणजे तिथल्या लांबलचक तळ्याच्या, काठी, ओल्या दगडांवर गुडघे टेकून बसलेला तो मुलगा दिसला. पुढ्यात तीन पायांवर कॅमेरा, कॅमेऱ्याला दुधी भोपळ्याएवढी लांब लेन्स, डोक्यावर जिलेबीच्या रंगाचे केस, आणि फोडणीतून मोहरी उडावी तसे गालभर ठिपके.

"त्याला विचार, लग्न करशील का," ईशानी म्हणाली. "मराठीत. त्याला काय कळणार आहे?"

"नाही विचारलंस तर परतताना बसमध्ये मुरलीधरकाकांच्या शेजारी बसायचं," तनिषा म्हणाली. मुरलीधरकाका आधी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगत आणि मग घोरत.

एरवी कस्तुरी गेली नसती. पण ऑगस्टमध्ये तिच्या दातांवरच्या तारा निघाल्या होत्या. तीन वर्षं ओठ मिटून हसणारी सतरा वर्षांची मुलगी आता दिसेल त्याला बत्तीशी दाखवत सुटली होती. तर ती गेली, आणि तिने विचारलं.

मुलाने कॅमेऱ्यावरचा डोळा काढलाही नाही.

"आईला विचारून सांगते," तो म्हणाला.

भिंतीमागचं खिदळणं नळ बंद केल्यासारखं थांबलं.

"तू... तू मराठी आहेस?"

"अर्धी." आता त्याने वर बघितलं. डोळे हिरवट होते, आणि त्यांत हसू होतं. "अर्धी स्कॉटिश."

कस्तुरीला खरं म्हणजे लॉखमध्ये उडी मारायची होती. पण तोंडातून दुसरंच निघालं. "अर्धा."

"काय?"

"मुलगा असलास तर अर्धा. आणि विचारून सांगतो. सांगते नाही."

"पण आई तर 'सांगते' म्हणते."

"आई बाई आहे."

तो विचारात पडला. सतरा वर्षांत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. घरात मराठी बोलणारी एकच व्यक्ती, त्याची आई, साताऱ्याची अर्चना, फोर्ट विल्यमच्या हॉस्पिटलात नर्स. बाबा मॅक्रे जंगलखात्यात, त्यांना मराठीतले दोनच शब्द येत – चहा आणि बास. आई येते म्हणे, जाते म्हणे, दमले म्हणे. म्हणून तोही येते, जाते, दमले.

"माझं नाव नंदू," तो म्हणाला. "शाळेत अँडी."

कस्तुरीला हसू फुटलं. स्वतः कालपर्यंत 'ती मीठ' म्हणून आईची बोलणी खाणारी ही मुलगी, पण हसली अगदी व्याकरणाच्या बाईंसारखी. "मी कस्तुरी."

"ती हरणाच्या बेंबीत असते ना?"

आजपर्यंत तिच्या नावावर मुलांनी काहीबाही कोट्या केल्या होत्या. इतकं खाली कुणी गेलं नव्हतं.

"ते सुगंधाचं नाव आहे."

"हो. हरीण सगळीकडे शोधते आणि ती असते त्याच्याच बेंबी–"

"तो शब्द परत म्हणू नकोस."

"सॉरी. पोटात."

भुरभुर सुरू झाली. हायलँड्समधला पाऊस पडत नाही, तो नुसता अंगाला येऊन चिकटतो. नंदूने लगबगीने जाकीट काढलं... आणि कॅमेऱ्यावर पांघरलं.

"मुलगी भिजतेय, आणि जाकीट कॅमेऱ्याला?"

"तू वॉटरप्रूफ आहेस," तो म्हणाला, आणि त्याचे कान केसांच्या रंगाचे झाले.

मग तिने आपला छोटा डिजिटल कॅमेरा दाखवला. सकाळपासूनचे एकशे चौदा फोटो, त्यांतल्या नव्वदांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले. नंदूने सगळे नीट पाहिले. हसला नाही.

"तू थांबत नाहीस," तो म्हणाला. "तो दगड बघ. लांबचा, करडा."

"दगड काय बघायचा?"

"बघ तर."

ती बघत बसली. दोन मिनिटं... पाच मिनिटं... कस्तुरी पाच मिनिटं गप्प बसली हे घरी कुणाला खरं वाटलं नसतं. त्याची ओली बाही तिच्या बाहीला टेकली होती. दोघांनाही ते कळलं होतं, आणि दोघंही दगडाकडेच बघत होती. मग दगडाने मान लांब केली. करडा बगळा होता तो. पंख पसरून पाण्यावरून निघाला आणि कस्तुरीचं बोट आपोआप दाबलं गेलं. एकशे पंधरावा फोटो. पहिलाच, ज्यात काहीतरी घडत होतं.

"उद्या सकाळी सातला ये," नंदू म्हणाला. "वरच्या दरीत हरणं आहेत. आत्ता त्यांचे नर ओरडतात. ऑक्टोबरमध्येच."

"उद्या दोनला आमची बस सुटते."

"म्हणजे एक सकाळ आहे."

एक सकाळ. कस्तुरीला ती सकाळ हवी होती. आयुष्यात कधी कुठली सकाळ, शाळेला सुट्टी असतानाची सकाळ तर मुळीच, तिला इतकी हवी वाटली नव्हती.

संध्याकाळी सहाला नंदू मंडळाचा मुक्काम होता त्या हॉस्टेलच्या जेवणघरात हजर झाला. केस पाण्याने चापून बसवलेले, हातात बिस्किटांच्या डब्यात आईचा चिवडा. कस्तुरीने नेमका तेव्हाच कढईतला बटाटेवडा अख्खा तोंडात टाकला होता.

"नमस्कार," तो तिच्या आईबाबांना म्हणाला. "मी नंदू. उद्या सकाळी मी हरणं मारायला जाते. तुमच्या मुलीला पण नेऊ का? आई म्हणते, विचारल्याशिवाय कुणाच्या मुलीला न्यायचं नाही."

आईच्या हातातला झारा हवेतच थांबला. मंजिरी देवस्थळी म्हणजे घरात मुंग्या झाल्या तर त्यांना साखर घालून दाराबाहेर नेणारी बाई.

"हरणं... मारायला?"

"हो. ऑक्टोबरमध्ये मारायला छान. शिंगं मोठी असतात."

कस्तुरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शूट. हा 'शूट'चं मराठी करतोय. पण तोंडात वडा पेटला होता. ना गिळता येत होता, ना थुंकता.

"आणि मारल्यावर?" बाबांनी विचारलं. उदय देवस्थळी भूलतज्ज्ञ होते. पेशंटला दहापासून उलटं मोजायला सांगताना ते असाच आवाज लावत.

"घरी आणते. अंधारात धुते. मग दोरीवर वाळत घालते." नंदूला वाटलं, यांना आवड दिसते. त्याला जोर चढला. "चांगली असली तर भिंतीवर लावते. आईच्या खोलीत तीन आहेत."

"आई काही म्हणत नाही?"

"नाही. ती साताऱ्याला मावशीला पोस्टाने पाठवते. मागच्या वर्षी एक गरुड पण मारली."

कस्तुरीला हसू आणि वडा एकदमच आले. असा ठसका लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाबा तिच्या पाठीत गुद्दे घालत होते आणि वरून आईचा आवाज येत होता, अगदी गोड, म्हणजे अगदी वाईट. "आमची मुलगी नाही यायची हो. आमच्याकडे नाही चालत."

नंदूने मान हलवली. चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला, अगदी हळू, आणि तो गेला.

"फोटो," कस्तुरी श्वास येताच ओरडली. "अगं आई, फोटो! शूट म्हणजे फोटो. डार्करूम. धुतो म्हणजे फोटो धुतो."

मग बाबांचे खांदे हलायला लागले. आईने कपाळाला हात लावला.

"साताऱ्याला पोस्टाने..." ती पुटपुटली, आणि एकदम तिचा चेहरा पडला. "आणि मी त्या पोराला साधा चहासुद्धा विचारला नाही."

हरणं मारली असती तरी एक वेळ चाललं असतं. दारी आलेला मराठी मुलगा चहाशिवाय गेला, हे पाप मोठं होतं. बाबा घरातल्या स्लिपरवरच पावसात धावले आणि नंदूला रस्त्यावरून धरून आणलं. त्याला दोन कप चहा प्यावा लागला आणि सहा वडे खावे लागले. परवानगी मिळाली. फक्त एक अट, आईची: "बाबा बरोबर येतील."

तर रविवारी सकाळी सातला दरीत तिघं होती. धुकं, ओलं तांबूस गवत, कुठूनतरी ओढ्याचा आवाज, आणि बाबांचं नवं जाकीट. ते पावलागणिक वेफर्सच्या पाकिटासारखं वाजत होतं.

"अंकल," नंदू शेवटी अदबीने म्हणाला, "तुम्ही त्या मोठ्या दगडामागे बसाल का? तिथून... व्ह्यू छान आहे."

तिथून फक्त दगड दिसत होता. पण बाबांकडे थर्मास होता आणि ते समजूतदार होते. गेले.

मग ही दोघं पोटावर आडवी पडून वाट बघत राहिली. बोलायचं ते कुजबुजत.

"थंडी वाजते?"

"नाही. वॉटरप्रूफ आहे मी."

तेवढ्यात तो आवाज आला. खोल, खरखरीत, डोंगराच्या पोटातून. मुरलीधरकाका बसमध्ये काढत तस्साच, फक्त यात काहीतरी मागणं होतं. कस्तुरीच्या अंगावर काटा आला. धुकं थोडं बाजूला झालं आणि उतारावर तो उभा होता. तांबडा, भला थोरला, शिंगांवर गवताच्या काड्या अडकलेल्या, नाकातून वाफा. त्याने मान मागे टाकली आणि पुन्हा साद घातली.

कस्तुरी थांबली. त्याने मान वळवून थेट तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिने एकदाच बोट दाबलं. एकच फोटो. मग तिच्या लक्षात आलं, शेजारच्या मोठ्या कॅमेऱ्यातून काहीच आवाज आला नाही.

"तू नाही काढलास?"

"नाही..."

"का?"

"मी तुला बघत होते."

"होतो," ती आपोआप म्हणाली.

"होतो." त्याने गवताची काडी तोडली, तिचे चार तुकडे केले. "मला तू आवडते."

आवडतेस. तिला माहीत होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता... पण तिला तो दुरुस्त करावासा वाटला नाही. जगातल्या कुठल्याही व्याकरणात ते वाक्य याहून बरं झालं नसतं.

"मला पण तू आवडतोस," ती म्हणाली, दरीकडे बघत.

"ते तर तू कालच सांगितलंस. लग्नाचंच विचारलंस."

"ते डेअर होतं. मुलींनी सांगितलं म्हणून."

"आणि आत्ताचं?"

"आत्ता कुणी सांगितलं नाहीये."

दगडामागे बाबा प्रचंड शिंकले. हरीण एका उडीत धुक्यात गेलं. ही दोघं मात्र होती तिथेच राहिली, बोटांना बोटं लागून, आणखी थोडा वेळ.

दोन वाजता बस सुटायची, तर पावणेदोनला एक लाल गाडी येऊन थांबली. नंदू उतरला आणि मागोमाग त्याची आई, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतच, ड्यूटीवर जाता जाता. अर्चनामावशींनी कस्तुरीकडे नीट बघितलं, मग तिच्या गालाला हात लावला. "येत जा गं. मी स्टेशनवर घ्यायला येईन. माझ्याशी मराठीत भांडायला कुणी नाही इथे." आणि त्या कस्तुरीच्या आईशी बोलायला पुढे गेल्या.

नंदू कस्तुरीसमोर ताठ उभा राहिला. काल रात्रभर पाठ केलेलं दिसत होतं.

"मी जातो," तो म्हणाला. तो-तो. अगदी बरोबर, पुल्लिंगी.

"जातो नाही म्हणायचं," कस्तुरी म्हणाली.

तो रडकुंडीला आला. "आता काय चुकलं? मी मुलगा आहे ना?"

"निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात."

"पण मी तर जातो आहे."

"तरी."

"हे खोटं नाही का?"

"नाही. परत यायचं असतं म्हणून."

त्याने डोकं खाजवलं. मग सावकाश म्हणाला, "पण जाणारी तू आहेस. मी तर इथेच आहे. मग तू म्हण."

बसने हॉर्न दिला. ईशानी आणि तनिषा काचेला नाकं लावून बसल्या होत्या. कस्तुरीने हा शब्द जन्मापासून हजार वेळा उच्चारला होता, ज्यांच्या घरी पुन्हा कधी पाऊलही ठेवलं नाही अशा काकवांच्या दारात. त्याचा अर्थ काय होतो याचा तिने कधी विचार केला नव्हता. आता केला.

"येते," ती म्हणाली.

बस वळणं घेत निघाली. लॉख मागे गेलं, किल्ला मागे गेला, मैत्रिणी दोन्ही बाजूंनी कोपरं मारून थकल्या. कस्तुरी खिडकीबाहेर बघत बसली होती, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ती उठली. हलत्या बसमध्ये सीटच्या पाठी धरत धरत पुढे गेली आणि आईबाबांच्या शेजारी उभी राहिली.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी परत इकडे येणार आहे. एकटी. संध्याकाळच्या गाडीने घरी. अर्चनामावशींचा नंबर फ्रिजवर लावून ठेवते. येता-जाता मिळून आठ तास होतात, त्यात फिजिक्स पूर्ण होईल, हवं तर परीक्षा घ्या. नंदू मला आवडतो, आणि तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगतेय. तुम्हाला विचारत नाहीये, बाबा. सांगतेय."

आणि खाली बसायला जागा नव्हती, म्हणून ती तशीच उभी राहिली, दात दाखवून हसत.