निळ्या शेल्याचे गणपती

"महिपतीदादा, तुमच्या सुजयला पोरगी स्वतःहून मागणी घालेल. गणपती कारखान्यातून बाहेर पडायच्या आत! लावता पैज?"

पेणात, भर रामवाडीच्या रस्त्यावर उभी राहून मी बोलले. मी हौसा, पोहे-पापडवाली. माझ्या दुकानासमोरच महिपतीदादाचा गणपतीचा कारखाना. सुजय तिथे आखणी करतो, म्हंजे मूर्तीचे डोळे काढतो. त्याने डोळा काढला की बाप्पा तुमच्याकडे बघायलाच लागतो. पण पोरगी समोर आली की ह्याचे स्वतःचे डोळे जमिनीत!

"तो? पोरीशी बोलणार?" महिपतीदादाने मिशीला पीळ दिला. "हरलो तर ह्या मिशीला गुलाबी रंग लावून इथेच रस्त्यावर बसेन. आणि तू हरलीस तर महिनाभर तोंड उघडायचं नाय."

आजूबाजूच्या बायका लगेच त्याच्या बाजूने झाल्या. मेल्या!

दोन दिवसांनी माझं नशीब एसटीतून उतरलं. रोह्याची नमिता, आईसाठी पापड घ्यायला आलेली. निघाली आणि श्रावणातली सर कोसळली.

"मावशी, छत्री आहे का हो?"

"नाय गो बाय," मी छत्री पायाने दारामागे ढकलली. "समोर शेडमध्ये उभी रहा. तिकडे कोरडं हाय."

गेली. आत जाऊन ओले केस झटकले... आणि सुजय दचकला. मी? मी चहा घेऊन मागोमाग. शेजारधर्म!

"सॉरी... बाप्पाच्या डोळ्यात गेलं का पाणी?"

"नाय... माझ्या."

ती हसली. तो कानापर्यंत तापला. मग तिची नजर रांगेने बसलेल्या मूर्तींवर फिरली. सगळ्यांचे शेले निळे, पितांबरं पिवळी. पेणात त्याला 'सुजयची स्टाईल' म्हणतात, मुंबईची गिऱ्हाइकं मुद्दाम मागतात.

"रोह्याजवळ धाटावला रंगाच्या कंपनीत आहे मी. दिवसभर शेड जुळवते. पण असा निळा आमच्याकडे कधी निघाला नाही," ती बोलली. "मला एक बाप्पा हवाय. जास्वंदीसारखा लाल शेला, हातात हिरव्यागार दूर्वा. जमेल तुम्हाला?"

सुजयचा ब्रश हवेतच थांबला. मला वाटलं, लाजला.

"...जमेल."

मग काय! दर सुट्टीला बाई रोह्याहून हजर. मूर्ती किती झाली बघायला, आणि जाताना पापड न्यायला. आई बिचारी पापडच जेवत असणार.

"डोळे कधी काढणार?"

"सगळ्यात शेवटी."

"का?"

"डोळे काढले की मूर्ती न्यायला याल... मग परत कशाला याल?"

अरे वा, म्हटलं, दगडाला पालवी फुटली!

शेवटी मूर्ती झाली. सगळं काम सुजयने एकट्याने केलेलं, कोणाला हात लावू दिला नव्हता, रंग चढल्यापासून तर बघूही दिलं नव्हतं. महिपतीदादा जेवायला गेलेला. सुजयने मूर्तीवरचं फडकं काढलं...

शेला शेवाळासारखा हिरवा. दूर्वा मिरचीसारख्या लालभडक.

"छान झालाय ना?" सुजयचा चेहरा नुसता फुललेला. चहा घेऊन आलेली मी दारातच अडकले.

नमिताने कोपऱ्यातल्या दोन बाटल्या उचलून त्याच्यासमोर धरल्या. "ह्यातली लाल कुठली?"

त्याने बाटल्या फिरवून फिरवून रंगाच्या नावाची चिठ्ठी शोधली. पण दमट हवेने चिठ्ठ्या कधीच सुटून गेलेल्या.

"...नाय कळत," तो हळूच बोलला. "लहानपणापासून. लाल नि हिरवं मला एकच दिसतं, मळकं. निळा आणि पिवळा तेवढे कळतात, म्हणून तेच लावतो. लोक बोलतात स्टाईल हाय. महिपतीदादाला समजलं तर काढून टाकेल मला. आणि तुमचं तर कामच रंगाचं... तुम्ही कशाला थांबाल आता."

बाहेर एक ट्रक गेला. पत्रे थरथरले.

"मला लालाच्या ढीगभर शेड ओळखता येतात," नमिता बोलली. "पण परवा आईकडे बघितलं आणि वाटलं, ही हसायच्या आधी हिचे डोळे हसतात, हे मला आजपर्यंत दिसलंच नव्हतं. तुझे बाप्पा बघून कळलं. लाल दिसत नाही, म्हणूनच निळ्यात इतका आत गेलास ना तू? मला निळाच शेला हवा. आणि..."

"आणि?"

"बाप्पा रोह्याला न्यायचा तर गाडीत मांडीवर धरायला माणूस लागेल. चल माझ्याबरोबर. आईला भेट. का लग्न करशील का, हेही मीच विचारू?"

"...विचारलंत की."

"विचारलंन!" मी कप टाकून रस्त्यावर धावले. "गो बायांनो, तिने विचारलंन!"

पैज जिंकले. पण रंगाची ती गोष्ट मात्र पोटातच ठेवली. काय सांगू, पोट फुगलं माझं!

दुसऱ्या दिवशी महिपतीदादा कारखान्यासमोर पालथ्या बादलीवर बसला. सगळी आळी जमली. गिऱ्हाइकं मोबाईल काढून उभी. "माझ्या मिशीला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाय," तो बोलला. "सुजय, तूच रंगव."

सुजय बाटल्यांसमोर वाकला. हात एकीवरून दुसरीवर... थांबला. नमिता पुढे सरकली, गुपचूप बोटाने दाखवायला. त्याने मान हलवली, ताठ उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला,

"नमिता, ह्यात गुलाबी कंचा गो? मला रंग दिसत नाय."

"म्हंजे?" महिपतीदादाचा आ वासला. "एवढी वर्षं ते निळं-पिवळं..."

"तेवढंच दिसतं, दादा."

महिपतीदादाने शेडमधल्या रांगेकडे बघितलं. सगळे बाप्पा त्याच्याकडेच बघत होते. त्याने घसा खाकरला.

"गिऱ्हाईक तेच मागतंय, तर तुला लाल बघून काय करायचंय? चल, हात चालव. आखणी बारीक कर, केस न् केस दिसला पाहिजे!"

नमिताने एक बाटली उचलली आणि सुजयच्या कानात काहीतरी कुजबुजली. तो खुदकन हसला आणि ब्रश बुडवला.

महिपतीदादा डोळे मिटून, छाती पुढे काढून बसलेला. आळी हसून हसून लोळत होती. त्याला वाटत होतं, गुलाबीला हसतायत.

मिशी पोपटी होती.