बोटीचा विमा

दसरा होऊन गेला तरी पावसानं शिरूर सोडलं नव्हतं. दुपार झाली की आभाळ खाली उतरायचं, बाजारपेठेवर काळोखी पसरायची आणि लाईट जायची. एसटी स्टँडजवळ मेडिकलच्या वर एका खोलीत विम्याचं ऑफिस होतं. तिथं जवळच्या निमोणे गावची हर्षदा एकटी बसायची. वय अठ्ठावीस. त्या दिवशी ती मोबाईलच्या उजेडात कागद लावत होती, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दारात एक उंच माणूस उभा. केसांतून पाणी गळतंय, हातात चपला.

"बोटीचा इमा मिळंल का हितं?"

"कुठल्या बोटीचा? भिगवणला पक्षी बघायला निघालात काय?"

"न्हाई वो, सिंगापूरच्या. अकरा मजली हाय म्हणत्यात." तो चपला खाली ठेवून हसला. "पर भिगवणला तुम्ही येणार असाल, तर सिंगापूर ऱ्हाऊ द्या."

हर्षदानं खुर्ची दाखवली आणि ओठ दाबून धरले. पहिल्याच बोलण्यात हसू नये, असं तिला वाटलं.

शंभू त्याचं नाव. दौंडात पशुखाद्याचं दुकान. शिरूरकडच्या दूध डेअऱ्यांची ऑर्डर घ्यायला आठवड्याला फेरी. वर्षाचा माल खपवला म्हणून कंपनीनं दोन माणसांची बोटीची सहल दिली होती. तो आईला नेणार होता.

"बायकोला नाही?"

"बायको आधी मिळू द्या की मॅडम." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या आईनं मेंढरांमागं सगळं कोकण पायी तुडवलंय. समुद्र बघितला तो काठावरनं. पाणी खारं, मेंढरं तोंड लावून माघारी फिरायची, आन् त्यांच्यासंगं ती बी. आता म्हणती, पल्याड काय हाय ते बघायचंय."

हर्षदानं त्याच्यापुढं तीन पॉलिसी मांडल्या. पहिली स्वस्त. सामान हरवलं, बोट चुकली, अचानक ताप आला, एवढंच. दुसरीत दवाखान्याचा जास्त खर्च. तिसरी महाग, पण जुना आजार बोटीवर उसळला तर तोही त्यात बसायचा. वेळ पडली तर हेलिकॉप्टरनं माणूस किनाऱ्यावर आणायचे.

"आईला उचलायचं म्हंजी हेलिकॉप्टर दणकट लागंल," तो म्हणाला. "तिला बीपी हाय. तिला तिसरी द्या."

"आणि तुम्हाला?"

तो खिडकीकडं बघू लागला. काचेवर पाण्याचे ओघळ उतरत होते.

"मला पहिली बास. मला काय धाड भरलीय?" असं म्हणून तो हसला खरा, पण ते हसू अर्ध्यातच विझलं.

पुढं तो काही ना काही काढून येत राहिला. एकदा आईच्या बीपीची चिठ्ठी घेऊन आला. एकदा फोटो विसरला, आणि ते फोटो द्यायला पुन्हा आला. दर वेळी एसटीनं. आमच्या भागात मिसरूड फुटायच्या आत पोरं गाडीवर बसतात. दुकानदार माणूस एसटीनं हिंडतो, याचं हर्षदाला नवल वाटलं.

"गाडी नाही का तुमच्याकडं?"

"हाय की. धाकटा भाऊ चालवतो."

"आणि तुम्ही?"

"मी खिडकीत बसतो. खिडकीतनं निमोणं लई झ्याक दिसतं... विशेष करून सकाळी साडेनऊला. एक जण स्कूटी ढकलत चालू करत असतं."

हर्षदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ती स्कूटी जुनी आहे," एवढंच ती कशीबशी बोलली.

"जुनी असू द्या. बघणाऱ्याला काय तरास न्हाई."

त्या रात्री जेवताना तिनं भाजीत दोनदा मीठ घालून घेतलं, आणि तिची बहीण मोनिका तिच्याकडं बघत राहिली. मोनिका मोठी. तिला रांजणगावच्या कारखान्यात कामाला असलेल्या मच्छिंद्राला दिली होती. त्याचं हृदय लहानपणापासून कमकुवत होतं, आणि सासरच्यांनी ते लपवलं. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, तोच एका दुपारी तो घरात छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून मोनिका माहेरीच. त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं, तर हसणारालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

आणि एक दिवस सोपानराव निमोण्याला आले. शंभूचे मामा. स्थळ घेऊन.

"पोरगं धडधाकट हाय आबा," सोपानरावांनी हर्षदाच्या वडिलांना सांगितलं. "साधी सर्दी म्हणून न्हाई कवा."

आत मोनिकाच्या हातातली कपबशी वाजली. आबांनी पोरीकडं बघितलं. हर्षदानं मान खाली घातली, पण तिच्या गालावर जे उमटलं ते म्हाताऱ्याला दिसलं. रविवारी पाहुण्यांनी बघायला यायचं ठरलं.

शुक्रवारी शंभू सहीला आला. नवा शर्ट, केस बसवलेले. "रविवारी पोह्यात मीठ बघून घाला, म्हंजी झालं," म्हणत खुर्चीत बसला. हर्षदानं हसू आवरत फॉर्म उघडला आणि रोजच्या आवाजात प्रश्न वाचू लागली. साखर? नाही. दमा? नाही. हृदयाचा काही त्रास? नाही.

"आकडी, फिट?"

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला.

तिनं वर बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"लिव्हा," तो म्हणाला. "व्हय म्हणून लिव्हा. एकोणिसाव्या वर्षापासनं हाय. गोळ्या चालू हायत. तीन वर्षांत आली न्हाई... पर तिच्या भ्यानं गाडी चालवत न्हाई."

हर्षदानं पेन कागदावरून उचलला.

"मामा तर म्हणाले, साधी सर्दी नाही."

"आकडीचं नाव काढलं की पोरगी मिळत न्हाई. दोन स्थळं मोडली. मामा म्हणले, लग्न होईस्तवर गप ऱ्हा."

"मग आज कशाला बोललात? विम्यासाठी?"

"इमा गेला खड्ड्यात. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून इचारलं. न्हाई म्हणता येईना."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं ते तिलाच कळेना. तिनं रकान्यात 'होय' लिहिलं आणि पॉलिसीसमोर तीनचा आकडा टाकला.

"सही करा. आणि रविवारी मामांसारखं बोलायला येणार असाल तर येऊ नका. आमच्या घरात एकदा लपवाछपवी झालीय. मोनिकाताईचं कपाळ तुम्ही बघितलेलं नाही अजून."

तो सही करून उठला. जिन्यात त्याची पावलं फार सावकाश वाजत गेली.

रविवारी पाऊस लागूनच होता. तो येणार नाही, असं धरून हर्षदानं साडीसुद्धा नेसली नव्हती. अकराच्या एसटीनं तो आला. संगं फक्त आई, म्हाळसाबाई. मामा रुसून घरी बसले होते. तो ओसरीवर बसला आणि पाणी प्यायच्या आधी त्यानं आबांना सगळं सांगून टाकलं.

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"एक लेक मी अशीच घालवली," आबा शेवटी म्हणाले. "दुसरी कळून-सवरून देऊ?"

शंभूनं मान हलवली. आईला उठवायला त्यानं हात पुढं केला. तेवढ्यात दाराच्या चौकटीतून मोनिका बोलली. आल्या-गेल्यापुढं ती कधी यायची नाही.

"आबा, मला एवढं जरी कुणी सांगितलं असतं ना, तरी मी गेले असते त्या घरी. निदान जिभेखालची गोळी कुठं ठेवलीय ते तरी मला ठावं असतं. त्यांच्याच शर्टात होती, खुंटीवर. मी पाणी पाजत बसले."

म्हाळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. आबांनी टोपी काढली, परत घातली.

"इमा कंपनीनं घेतलं का ह्याला? खरं सांगितल्यावर?"

"डॉक्टरचं पत्र मागितलंय," हर्षदा हळूच म्हणाली. "ते बघून ठरवणार."

"मग मी बी मागतो. नुसतं पत्र न्हाई, मी सवता येणार डॉक्टरकडं. तवर माझं व्हय न्हाई, आन् न्हाई बी न्हाई."

हर्षदा छत्री घेऊन त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेली. म्हाळसाबाई शेडखाली जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसल्या. दोघं बाहेरच उभे राहिले. छत्री एक, त्याचा एक खांदा भिजत होता. आबा हो म्हणतील की नाही, कुणास ठाऊक.

"गोळ्या कुठं ठेवता?" तिनं विचारलं.

"शर्टाच्या डाव्या खिशात. का? आईला ठावं हाय की."

"आईंना आहे हो..." तिनं छत्री त्याच्या खांद्यावर सरकवली आणि स्वतः भिजू लागली. "मला नको का ठाऊक व्हायला?"