मधल्या सीटची ओळ

बाबा एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. माणसं मोजून आत घ्यायची, जास्तीचा एखादा जाडजूड गृहस्थ बाहेर काढायचा आणि त्याची बोलणी खायची, यात त्यांचा दिवस जायचा. मग घरी तरी खोड कशी सुटणार? गाडीत सगळे बसून दारं लागली तरी चावी फिरायची नाही. आधी गाणं.

गाणं त्यांनीच जुळवलेलं. चालही त्यांचीच, म्हणजे चाल अशी नव्हतीच. प्रत्येकाने आपापली ओळ म्हणायची, बस. ‘चाक माझ्या हाती,’ बाबा सुरू करायचे. ‘पाण्याची बाटली माझ्यापाशी,’ आई. ‘डावी खिडकी माझी,’ ताई. ‘उजवी खिडकी माझी,’ धाकटा. ‘मधे मी, पाय ठेवू कुठे?’ आणि मग सगळे मिळून, ‘आले, आले, सगळे आले.’ एवढं झालं की गाडी हलायची. मुलं लहान होती तोवर हे गोड दिसायचं. पुढे धाकट्याला मिशा फुटल्या, ताई कमावती झाली, शेजारी खिडकीत येऊन हसायला लागले. बाबा बधले नाहीत.

त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका पेट्रोल पंपावर त्यांचं एक पोर मागे राहिलं होतं. गाडी बरीच पुढे आली, मग लक्षात आलं, तशीच वळवून ते परत गेले आणि पोराला घेऊन आले. ही गोष्ट मावशीला कधीच सांगितली नव्हती, कारण मावशीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

आता ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. ‘आई, आपलं गाणं रेकॉर्ड करून दे ना,’ ती म्हणाली. डावी खिडकी रिकामी होणार, हे आईला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. तिने पुढच्या फेरीला गाणं मोबाइलवर टिपून घेतलं.

आई इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागात कान तपासायची. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोनमधून बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ‘ऐकू आलं की बटण दाबा’ म्हणायचं, हे तिचं काम. दोन पेशंटांच्या मधे तिने तेच हेडफोन कानाला लावून गाणं ऐकलं. बाबा बेसूर. ती स्वतःही बेसूर, हे ऐकून तिला जरा वाईट वाटलं. मग मधली ओळ आली, आणि आईला हसू फुटलं. लहान मुलाचा आवाज कोण काढतंय इतका हुबेहूब? तिने पुन्हा लावलं. मग पुन्हा. बाहेर पेशंट ताटकळत होता.

रात्री जेवताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, ‘मधली ओळ कोण म्हणतं रे?’

‘बाबा,’ दोन्ही मुलं एकदम म्हणाली. ‘आवाज बारीक करून.’

बाबांचा घास हातातच राहिला. ‘मी? मला दम घ्यायला तेवढीच तर ओळ मिळते. ती तुमची आई म्हणते.’

‘मला वाटायचं मुलं आळीपाळीने म्हणतात,’ आई म्हणाली.

‘चला, म्हणजे इतकी वर्षं आपण एक गवई फुकट फिरवतोय,’ धाकटा म्हणाला. कोणी हसेना, तेव्हा तो गुपचूप पाणी प्यायला.

‘ती ओळ आली कुठून पण?’ ताईने विचारलं. ‘बाबा, तुम्ही रचली?’

‘मी चारच रचल्या होत्या,’ बाबा म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी धाकट्याकडे बघून विचारलं, ‘पंपावर तूच राहिला होतास ना?’

‘मी कशाला? ताई राहिली होती.’

‘हट्, मी तर गाडीत झोपले होते. उठले तर आपण परत पंपावर.’

‘मी मागच्या काचेतून बघत होतो,’ धाकटा हळू म्हणाला. ‘कोणीतरी हात हलवत होतं. मला वाटायचं, ती ताई.’

आईने ताट बाजूला सारलं. ‘अहो, कोणी का असेना, आणलं ना तुम्ही?’

‘मी स्टिअरिंगवर होतो. तू उतरली होतीस.’

‘मी उतरलेच नाही. मागचं दार वाजलं, मी म्हटलं, आलं. आपण निघालो.’

यावर बाबांनी निकाल दिला की रेकॉर्डिंग बिघडलंय, सगळ्यांची स्मरणशक्ती बिघडलीय, आणि उद्यापासून गाणं बंद. त्या रात्री आईचा डोळा लागला नाही. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठा घोर वेगळाच होता. ते कोण होतं, आणि इतकी वर्षं तिने त्याला एकदाही हाक कशी मारली नाही?

रविवारी ताईला निरोप द्यायला मावशीने सगळ्यांना बोलावलं होतं. बाबांनी बसल्या बसल्या चावी फिरवली. गाडी मुकाट निघाली. वाटभर ताई नि धाकटा आपापल्या खिडकीला चिकटून बसले होते, आणि मधल्या मोकळ्या जागेवर कोणी साधी पिशवीसुद्धा ठेवली नाही.

मावशीने दार उघडलं, ताईला कवटाळलं, धाकट्याच्या मिशीची थट्टा केली आणि त्यांच्या मागे जिन्यात डोकावली.

‘चौघंच? मधलं कुठंय?’

‘कोण मधलं?’ आईने विचारलं.

मावशी गोंधळली. ‘अगं, असं काय... तुम्ही येता तेव्हा जिन्यात पाच जणांचे पाय वाजतात. मी इकडे दार उघडेपर्यंत...’ तिलाच पुढे सांगता येईना. ‘जाऊ दे बाई, मला आताशा काही सुधरत नाही. आत या.’

आई आत गेलीच नाही. ‘गाडी वळवा,’ ती बाबांना म्हणाली.

‘अगं, कुठे?’

‘घरी. आज आपण गाणं न म्हणता निघालो.’

बाबांनी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सिग्नल तोडला.

गाडी घराखाली नेहमीच्या जागी लागली. ऊन उतरलं होतं. फाटकाशी कोणी नव्हतं. आई उतरली आणि तिने मागचं दार उघडलं. ताईही उतरून बाजूला उभी राहिली, वाट द्यायला. धाकटा आपल्या खिडकीकडे सरकला.

‘म्हणा,’ आई म्हणाली.

‘चाक माझ्या हाती,’ बाबांनी सुरुवात केली.

आईने आपली ओळ म्हटली. ताईने म्हटली. धाकट्याने म्हटली.

मग काहीच नाही. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी नळ चालू होता, तेवढाच आवाज.

‘अरे, चुकलो आम्ही,’ आई म्हणाली. ‘ये ना.’

‘मधे मी...’ सीटवरून आवाज आला आणि अडकला. पुढचे शब्द निघेनात. घोगरा, बसलेला आवाज. असे आवाज आईने इस्पितळात रोज ऐकले होते. सर्दीचा कसा असतो आणि रडून रडून बसलेला कसा असतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

ताई आत बसली, खिडकीला अगदी चिकटून. आईने वाकून सीटकडे बघितलं, म्हणाली, ‘हात आत घे हं,’ आणि बोटं सापडणार नाहीत अशा बेताने दार हळूच लावलं.